पावतीवरची तारीख

दिवाळी सरल्यावर चार दिवस मामाकडे गेलो होतो. वारणाकाठचं गाव, उसाच्या तोडी सुरू झालेल्या, पहाटे चादर पुरू नये इतपत थंडी. मामाची सकाळ पाचला उजाडते. मीही उठलो आणि किटली धरून त्याच्याबरोबर डेअरीला दूध घालायला गेलो. डेअरी म्हणजे सोसायटीची पत्र्याची एक खोली. ओल्या फरशीचा आणि कालच्या दुधाचा मिळून येणारा आंबूस वास, वजनकाटा, नमुना तपासणारं यंत्र, आणि भिंतीवर टांगलेला छोटा टीव्ही. दूध घालणाऱ्याला आपलं लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) आणि दर स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा म्हणून तो टीव्ही. मामाचा नंबर येणार तेवढ्यात लाईट गेली. रांगेतल्या कुणी मान वर करूनही बघितलं नाही. पाचेक मिनिटांत आली. टीव्ही काळा झाला, त्यावर पांढऱ्या ओळी सरसरत वर गेल्या आणि सगळ्यात शेवटी एक ओळ थांबली. 'वेलकम टू बिल्डरूट.' तिच्याखाली 'बिल्डरूट लॉगिन' आणि लुकलुकणारी एक रेघ. दोन-तीन सेकंदच. मग निळा पडदा आला, सोसायटीचं नाव आलं, गणपती आला आणि सेक्रेटरींनी पुढच्या बाईंचा नंबर पुकारला. पुण्यातल्या आपल्या जिन्यात रोज भेटणारा माणूस अचानक पंढरपूरच्या दर्शनबारीत पुढे उभा दिसावा, तसं मला झालं.

मामाची पावती आली. लिटर बरोबर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५. तारीख ०१-०१-१९७०, वेळ ०५:३४.

सेक्रेटरींनी सवयीने पेन काढलं, तारखेवर काट मारली, बाजूला आजची लिहिली आणि पावती मामाच्या हातात दिली. 'लाईट गेली की असंच करतंय ते,' ते म्हणाले, 'कुनाकुनाचं दुरुस्त करत बसायचं? गर्दीत मशीनमदी तारीख घालायला टाईम न्हाई.' दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्यामुळे १९७० सालच्या पहिल्या जानेवारीला घातलेलं दूध कुठल्या बिलात धरायचं, हा त्या खोलीतला खराखुरा आणि जुना प्रश्न होता. मला मात्र त्यातली वेळ बघून हसू आलं. संगणकाचं घड्याळ बंद पडलं की तो मोजायला सुरुवात करतो ती १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचमधल्या मध्यरात्रीपासून. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे छप्पन्न वर्षं चुकूनसुद्धा ते यंत्र बरोबर धारांच्या वेळेलाच जागं होत होतं.

त्या दोन सेकंदांच्या ओळीने पुढे कित्येक दिवस माझा पिच्छा सोडला नाही, कारण बिल्डरूटमध्ये माझा खारीचा वाटा आहे. अशा छोट्या संगणकांच्या डब्यांमध्ये जे लिनक्स, म्हणजे संगणकाची मूळ कार्यप्रणाली, चालतं ते कुणी दुकानातून आणून बसवत नाही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, छोटी-मोठी साधनं, छपाईचं काही, नेटवर्कचं काही, असं शंभर ठिकाणचं सामान आणून, त्या डब्यातल्या चिपला समजेल अशा भाषेत कंपाइल करून, शेवटी एका फाइलमध्ये बांधून द्यावं लागतं. बिल्डरूट हे त्या स्वयंपाकाचं ओट्यावरचं वेळापत्रक. कशाच्या आधी काय, कशात किती, कुठला डबा कुठून आणायचा. त्यात अडीच हजारांहून जास्त पॅकेजं, म्हणजे अशा सामानाचे एकेक नग, आहेत. त्यातल्या मोजून सात पॅकेजांपुढे माझं नाव आहे. रात्री जेवणं उरकली, मुलगी झोपली की मी तासभर त्या सातांकडे बघतो. पगार दुसऱ्या कामाचा. आई याला 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणते आणि मी कधीच प्रतिवाद केलेला नाही. एकदा फक्त म्हणालो होतो, की लष्कर कुठलं आहे तेवढं तरी एकदा बघायला मिळावं.

हे सगळं सुरू झालं २००१ मध्ये, तेही मुख्य काम म्हणून नव्हे. यूसीलिबसी नावाची, सी भाषेतल्या प्रोग्रामांना टेकू देणारी एक आटोपशीर लायब्ररी लिहिणाऱ्यांना ती तपासून बघायला पूर्ण सिस्टीम बांधून हवी होती, म्हणून त्यांनी ही मेकफाइलींची, म्हणजे काय कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलींची, जुळणी केली. चाचणीसाठी घातलेला मांडव पुढे घर झाला. कितीतरी वर्षं त्याला नीट रिलीज नव्हती की घरचा कर्ता नव्हता. आज घेतलं तर बांधलं जाईल, उद्या घेतलं तर नाही. २००९ मध्ये पीटर कोर्सगार्ड यांनी मेंटेनर म्हणून सूत्रं घेतली आणि तेव्हापासून फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी तीन-तीन महिन्यांची शिस्त लागली, ती आजतागायत. नव्या पोरांना यात काही थोर वाटत नाही. पण फुकटचं काम वर्षाकाठी चार वेळा, इतकी वर्षं न चुकता करणं किती अवघड आहे ते गणेशोत्सव मंडळाचा हिशेब ज्याने एकदा तरी ठेवलाय त्याला विचारा.

माझी ओळख २०१२ च्या उन्हाळ्यातली. कोथरूडच्या एका खोलीत तिघं जण राहत होतो. माझ्या टेबलावर एक बोर्ड, त्याला सिरीयल केबल, आणि मांडीवर ठेवता येणार नाही इतका तापलेला लॅपटॉप. आधी कंपाइलर कंपाइल होतो, मग त्या कंपाइलरने बाकीचं सगळं; रात्री दहाला सुरू केलेलं पहाटेपर्यंत चालायचं, आणि मधे लाईट गेली की बॅटरी किती टिकेल यावर जीव टांगणीला. मी लॅपटॉपखाली दोन वाट्या उपड्या घालून टेबल-फॅन त्याच्याकडे वळवला होता आणि खोलीतले बाकीचे दोघं त्यावरून माझ्याशी भांडले होते. पहाटे चारला कार्डवर फाइल चढवली, बोर्डाला वीज दिली. आधी काहीच नाही. मग लक्षात आलं की केबलच्या दोन तारा उलट्या लावल्यात. त्या बदलल्यावर पडद्यावर अक्षरं धावली आणि शेवटी तीच ओळ, 'वेलकम टू बिल्डरूट'. खोलीत दोन माणसं घोरत होती आणि मला कुणाला तरी उठवून सांगायचं होतं. ती ओळ बदलता येते, मेनूमध्ये त्यासाठी जागा आहे. बाजारात माल पाठवण्याआधी तिथे आपलं नाव घालावं अशी अपेक्षा असते. डेअरीतल्या डब्याच्या कर्त्याने तेवढंही केलेलं नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण नाव बदललं असतं तर मला कळलंच नसतं.

या कामात सकाळ उजाडते ती तक्रारीने. जगात ठिकठिकाणी काही संगणक रात्रंदिवस बिल्डरूटच्या वाटेल त्या निवडी करून ते बांधून बघत असतात. हे पॅकेज घे, ते गाळ, अमुक चिप, तमुक लायब्ररी, आणि बघ जमतंय का. जे फसतं त्याची यादी ज्याच्या नावावर ते पॅकेज आहे त्याला मेलने येते. चहा पिता पिता मी ती बघतो, जसे वडील पेपरात आधी निधनवार्ता बघायचे. गेल्या वर्षी माझं एक पॅकेज सारखं फसत होतं ते एम-६८-के वर. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये ज्या घराण्याची चिप होती, ते हे घराणं. त्यावर माझं हे पॅकेज चालवणारा माणूस पृथ्वीवर आहे का? बहुधा नाही. सरळ 'या चिपवर मिळणार नाही' अशी एक ओळ लिहून मोकळं होता येतं आणि बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं. पण तीन रात्री घालवून बघितलं तर मूळ चूक निघाली ती त्या प्रोग्रामचीच. आकडे स्मृतीत चार-चार घरांच्या अंतरावरच बसतात असं त्याने धरून चाललेलं, आणि या चिपवर ते दोनावरही बसतात. इतर चिपांवर ती चूक झाकून राहिली होती, एवढंच.

दुसरा प्रकार असा, की आपण काही केलेलं नसताना सगळं मोडतं. प्रत्येक पॅकेजचा मूळ कोड जिथून उतरवायचा त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला अंगठ्याचा ठसा, आम्ही लिहून ठेवतो. फाइलमधला एक ठिपका हलला तरी हॅश जुळत नाही आणि काम तिथेच थांबतं. ३० जानेवारी २०२३ ला, ज्या सेवेवर अर्ध्या जगाचा कोड ठेवलेला आहे तिने आपल्याकडचं आवळून देण्याचं साधन बदललं. आतला कोड अक्षर न् अक्षर तोच, पण आवळणारा हात बदलला म्हणून गठ्ठ्याचे बाइट बदलले आणि जगभरातल्या बिल्ड सिस्टीम 'कुणीतरी मालात भेसळ केलीय' म्हणून बोंबलायला लागल्या. डेअरीच्या भाषेत सांगायचं तर दूध तेच होतं, पण वजन किटलीसकट लिहून ठेवलेलं आणि किटलीच कुणी बदलली. काही तासांत त्यांनी ते मागे घेतलं. आमची स्वतःची एक वखार आहे, तिथे जुन्या गठ्ठ्यांच्या प्रती असतात, म्हणून आमचं निभावलं. त्या संध्याकाळी एका गृहस्थांची मला मेल आली होती. त्यांचा प्रकल्प अडकला होता, त्यांच्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं, आणि 'तुम्ही लोक जबाबदारीने काम का करत नाही' असा त्यांचा सवाल होता. मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं, शेवटी वखारीचा पत्ता पाठवला. आभाराची मेल आली नाही. त्यांची अडचण सुटली असणार.

आणि काळ. काळ सगळ्यात जास्त मोडतो. माझ्या सातातलं एक पॅकेज नव्वदच्या दशकात कुणीतरी लिहिलेलं आहे, सुबक, छोटं, आणि त्यात त्या माणसाने 'बूल' नावाचा आपला एक घरगुती प्रकार तयार केलाय, कारण तेव्हाच्या सी भाषेत तो नव्हता. २०२५ मध्ये जीसीसी या कंपाइलरची पंधरावी आवृत्ती आली आणि तिने भाषेचं २०२३ चं रूप मूळचं म्हणून धरलं. त्यात 'बूल' हा भाषेचा राखीव शब्द. तीस वर्षं कुणाच्या अध्यात न मध्यात असलेला तो प्रोग्राम एका सकाळी बेकायदेशीर ठरला. लिहिणाऱ्याला मेल केली; पत्ता चालत नव्हता. त्याच्या संकेतस्थळाच्या जागी आता पैजा लावण्याची जाहिरात येते. मग मीच एका ओळीचा पॅच, म्हणजे कोडला ठिगळ, लिहिला, की कंपाइलरबाबा, याला जुन्या बोलीतच वाच. असे पॅच आमच्याकडे ढिगाने आहेत. म्हाताऱ्यांना बँकेत घेऊन जाणाऱ्या नातवंडांसारखे ते त्या त्या पॅकेजच्या शेजारी उभे असतात.

मधे एकदा हे सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. त्याच सुमारास, २९ मार्च २०२४ ला, एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं. एक्सझेड म्हणजे फाइली आवळण्याचं, जगभर वापरलं जाणारं एक साधन, आणि त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला निघाला. मला त्यातला चोरदरवाजा आठवत नाही, त्याच्या आधीची दोन वर्षं आठवतात. एकटा मेंटेनर, थकलेला, मन बरं नसल्याचं त्याने उघड लिहिलेलं. त्याला 'काम उरकत नसेल तर दुसऱ्याला दे' म्हणून टोचणारे लोक, आणि शेजारी शांतपणे, न कुरकुरता मदत करणारा एक अनोळखी माणूस. तो मदतनीसच चोर निघाला. पकडला गेला तो आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची खुटखुट लागली म्हणून. त्यानंतर दोन आठवड्यांनी मला नांदेडकडच्या एका विद्यार्थ्याने मेल लिहिली. तुमच्या पॅकेजांवर काम करायची इच्छा आहे, दोन पॅच जोडलेत, चुकलं तर सांगा. पॅच स्वच्छ होते. बारा वर्षांत कुणी मराठी मुलाने स्वतःहून विचारलं ते हे पहिल्यांदा, आणि मी काय केलं? त्याचं नाव चार ठिकाणी शोधलं, त्याच्या जुन्या नोंदी उपसल्या, त्याचं प्रत्येक अक्षर तीन-तीनदा वाचलं. पोरगं सरळ होतं. आता ते माझ्यापेक्षा चांगलं काम करतं. पण त्याला पहिलं उत्तर द्यायला मी अठरा दिवस लावले, हे त्याला माहीत नाही आणि मला विसरता येत नाही.

तर, डेअरी.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल हातात धरूनच रांगेत उभा राहिलो. लाईट जाण्यासाठी आमच्या गावात फार थांबावं लागत नाही. ती आली तेव्हा स्लो-मोशनमध्ये टीव्हीचं चित्रण केलं. मागच्या काकू म्हणाल्या, 'टीव्हीचं काय शूटिंग काढताय?' घरी येऊन एकेक चौकट पुढे सरकवत बघितलं. कर्नल जागं होताना पहिल्याच काही ओळींत आपली कुंडली सांगतं. कुणाच्या संगणकावर बांधलं, कुठल्या कंपाइलरने, कधी. धुरकट अक्षरांत वाचता आलं: 'बिल्डरूट २०१८.०२'. ती आमची दीर्घ मुदतीची रिलीज होती. दीर्घ मुदत म्हणजे तेव्हा एक वर्ष. २०१९ च्या सुरुवातीला आम्ही तिच्याकडे पाठ फिरवली, नियमाप्रमाणे, सगळ्यांना आधी सांगून. त्यानंतर ओपनएसएसएल या संदेश सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीतली किती भोकं बुजवली, कर्नलमधली किती, माझ्या सातातली किती. त्यातलं काहीएक या डब्यापर्यंत पोचलेलं नाही आणि पोचणारही नाही. ज्यांनी डबा विकला त्यांच्या स्टिकरवरचा फोन लागत नाही. परवान्याप्रमाणे यातल्या कर्नलचा कोड मागण्याचा हक्क सोसायटीला आहे. बिल्डरूटमध्ये एका आज्ञेत ती सगळी कागदपत्रं तयार होतात, हे मी सेक्रेटरींना उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'त्यानं तारीख येती व्हय?'

रात्री ओसरीवर पडल्या पडल्या मी हिशेब करत होतो. चिप बत्तीस बिटांची. १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ला भरतो आणि उलटून उणे होतो, म्हणजे १९ जानेवारी २०३८, मंगळवार. ग्रिनिचचे तीन वाजून चौदा मिनिटं, आपले सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. तोवर सकाळचं संकलन आटोपून टँकर गेलेला असतो. उशिरा आलेल्या एखाद्याला मात्र डिसेंबर १९०१ ची पावती मिळेल. कर्नल, लायब्ऱ्या, सगळीकडे यावर उपाय होऊन गेलेत. आमच्याकडे लोकांनी त्यासाठी शेकडो तास घातलेत. मी स्वतः त्यात दोन पॅच दिलेत आणि तेव्हा फार समाधान वाटलं होतं. माझ्यापासून वीस पावलांवर, गोठ्यापलीकडे, ज्याला ते हवं होतं असा एक डबा झोपला होता. आम्ही तीन-तीन महिन्यांनी पुढे जातो. तो २०१८ मध्ये उभा आहे. आणि खरं सांगायचं तर तो चांगला चालतोय. रोज दोन वेळा, सणवार न बघता, फॅट मोजून पैसे लावतोय. मी त्याला बिचारा म्हणत होतो तेव्हा नेमकं कोण बिचारं होतं ते मला नीट ठरवता येईना.

निघायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींना म्हटलं, उघडून बघू का? त्यांनी आधी काट्याकडे बोट दाखवलं. 'त्येला हात लावायचा न्हाई, वजनमापवाल्यांचं सील हाय.' डब्याला सील नव्हतं. चार स्क्रू. आत दुधाच्या वाफेने आणि धुळीने मिळून चिकट तपकिरी थर, एका कोपऱ्यात मेलेली पाल, आणि बोर्डाच्या कडेला नाण्याएवढा सेल, वर पांढरट बुरशी आलेला. सीआर २०३२. हे साल नव्हे. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि ते त्याने केव्हाच सोडलं होतं. तालुक्याच्या गावी घड्याळजीकडे चाळीस रुपयांना नवा मिळाला. पट्ट्या खोडरबराने घासल्या, सेल बसवला, मेनूत जाऊन तारीख घातली. मग सेक्रेटरींनीच बटन बंद केलं, अंक मोजल्यासारखं थांबले, आणि चालू केलं. 'वेलकम टू बिल्डरूट.' निळा पडदा, गणपती, आणि वरच्या कोपऱ्यात आजची तारीख. 'म्हंजे शेल बदलायचा हुता,' ते म्हणाले, जरा निराशेनेच. पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्याने इतके दिवस शूटिंग काढून शेवटी सेल बदलला.

पुण्याला आल्यावर त्या रात्री तक्रारींची यादी उघडली. सातातली दोन फसलेली, त्यातलं एक पुन्हा एम-६८-के. कामाला बसलो.

पंधरा दिवसांनी मामाचा फोन आला. बिल बरोबर निघालं, पावतीवर तारीख रोज नीट येते, सेक्रेटरी विचारत होते म्हणाला. मी खूश होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला. 'पर बाळा, त्वा उघडल्यापासनं आपल्या गाईला फॅट कमी लागाय लागलंय. पुढच्या बारीला आलास की तेवढं बघ की.'